स्वतःचं आजारपण

श्वेताने काउंटरवरचा मॉनिटर त्याच्याकडे फिरवला आणि पेनाच्या टोपणाने काचेवर टकटक केलं.

"काका, आता कारण निवडा. त्याशिवाय पुढे जात नाही ते."

सीताराम परबने चष्मा कपाळावर चढवला, पुन्हा खाली घेतला. यादी इंग्रजीत होती आणि अक्षरं बारीक. श्वेताने ती मराठीत वाचून दाखवली. आजारपण. लग्न. मुलांचं शिक्षण. घर बांधणं, घराची दुरुस्ती. पूर, भूकंप. कंपनीची वीज तोडली तर.

"वीज तोडली तर पीएफ मिळतो?"

"मिळतो. का ते मला नका विचारू."

"ह्यात जामिनकीचं नाही काय?"

"कसलं?"

"म्हणजे दुसऱ्याच्या कर्जाला आपण जामीन राहिलो, आणि त्याने भरलं नाही, आणि ते आपल्याच गळ्यात आलं. तर."

श्वेता हसली. मग त्याच्या चेहऱ्याकडे बघून थांबली.

"नाही काका. असं कारण नाही ठेवलेलं. सगळे आजारपणच टाकतात. आठ-दहा दिवसांत खात्यात येतात, कागदपण मागत नाहीत." तिने माऊस हलवला. "कुणाचं टाकू? स्वतःचं की घरच्यांचं?"

भांडुप स्टेशनच्या पश्चिमेला चपलांच्या दुकानाला लागून तिची ही टपरीवजा जागा होती. आधार, पॅन, पीएफ, पासपोर्ट साइझ फोटो. सीतारामने मुलुंडच्या कंपनीतून सुटल्यावर नाहूरला घरी न जाता मुद्दाम इथवर यायचं ठरवलं होतं, कारण श्वेता गावची सून. परक्या माणसाला आपला आधार नंबर सांगायचा म्हणजे त्याच्या हातापायाला घाम यायचा. गावचं माणूस म्हणजे बरं, असं त्याला वाटलं होतं.

घरच्यांचं म्हणजे जानकीचं, नाहीतर रुचिराचं. बायकोचं नाव जिभेपर्यंत आलं आणि तिथेच राहिलं. मुलीचं तर तो मनातसुद्धा उच्चारू शकला नाही.

"माझंच टाक," तो म्हणाला.

"देव करो आणि खरं न होवो," श्वेता म्हणाली आणि बटण दाबलं.

*

दादू त्याच्याच वाडीतला. शाळेत एका बाकावर बसलेला, एका झाडावरचे आंबे पाडून एकाच काठीचा मार खाल्लेला. तो आता बोरिवलीला राहायचा आणि टेंपोवर माल पोचवायचा. टेंपो घ्यायला त्याने पतपेढीचं कर्ज काढलं तेव्हा जामीन म्हणून सीतारामने सही केली. पहिलं वर्ष हप्ते गेले. मग एक चुकला, मग दोन, मग दादूने फोन उचलणं बंद केलं. दिवाळीनंतर पतपेढीचे लोक सीतारामला फोन करू लागले. आवाज सभ्य असायचा. महिनाअखेरीपर्यंत थकबाकी भरली नाही तर कंपनीला पत्र जाईल आणि तुमच्या पगारातून कापून घेऊ, एवढंच ते म्हणायचे.

पगारातून कापलं गेलं असतं तरी सीताराम कसाबसा जगला असता. पण पगार जानकीच्या हातात जायचा. आणि जानकीला हे कळणं म्हणजे काय, ते फक्त त्यालाच माहीत होतं.

आधीही एकदा झालं होतं. तेव्हा कंपनीतल्या एका माणसासाठी तो जामीन राहिला, आणि तो माणूस नोकरी सोडून कुठे गेला ते कुणालाच कळलं नाही. ते पैसे जानकीच्या पाटल्या विकून भरले. तिने आरडाओरडा केला नाही. रुचिरा तेव्हा चौथीत होती; जानकीने तिला समोर बसवलं, सीतारामचा हात धरून मुलीच्या डोक्यावर ठेवला आणि म्हणाली, "आता बोला." तो बोलला होता. पुन्हा कुणाच्या कर्जाला सही करणार नाही. पोरगी काही न कळून दोघांकडे टकामका बघत होती.

आता रुचिरा अंधेरीला नोकरी करत होती, आणि सीतारामला निवृत्तीला चार वर्षं उरली होती. पीएफला हात लावायचा नाही, ती आपली म्हातारपणाची काठी, हे वाक्य जानकीचंच होतं. पण पीएफ ही एकच गोष्ट अशी होती जी तिच्या हातातून जात नव्हती. एक अर्ज, आठ-दहा दिवस, आणि पतपेढीचं तोंड बंद. कुणाला काही कळायचं कारण नव्हतं.

*

त्यानंतरच्या शनिवारी ताटात मासे नव्हते.

सीताराम बसला, समोर पेजेची वाटी आली, बाजूला भाजलेला पापड आणि लिंबाची फोड. त्याने स्वयंपाकघराच्या दिशेने बघितलं. बांगड्याचा वास तर येत होता.

"आज काय संकष्टी आहे?"

"नाही," जानकी म्हणाली. "पेज हलकी असते."

तो पेज प्यायला. रुचिराने स्वतःच्या ताटातला बांगड्याचा तुकडा त्याच्याकडे सरकवायला हात पुढे केला, तर आईने नुसती मान हलवली आणि तिने हात मागे घेतला.

रविवारी शेजारच्या माणसाने जिन्यात उगाचच त्याची पिशवी घेतली. सोमवारी रुचिरा ऑफिसातून लवकर आली आणि पपई कापून त्याच्यापुढे ठेवली. तिने विचारलं, "बाबा, बरं वाटतंय?" आणि उत्तराची वाट न बघता आत गेली. सीताराम पपईच्या फोडी खात राहिला. घरात काहीतरी चाललं होतं आणि ते आपल्याबद्दल होतं, एवढं त्याला कळलं. त्यापुढचं कळेना.

मंगळवारी संध्याकाळी जानकी तांदूळ निवडत होती. त्याने टीव्ही लावला तेव्हा ती म्हणाली, "जरा बंद करा."

त्याने बंद केला.

"कधीपासून चाललंय हे?"

म्हणजे कळलं हिला. पतपेढीवाल्यांनी घरी फोन केला असणार. एकाएकी त्याला हलकंही वाटलं.

"दिवाळीपासून," तो म्हणाला.

"दिवाळीपासून. आणि मला आत्ता कळतंय."

"तुला त्रास नको म्हणून..."

"त्रास," जानकी म्हणाली. तिने एक खडा उचलला, बाजूच्या वाटीत टाकला. ताटातले तांदूळ बोटांनी इकडचे तिकडे केले. मग तिने मान वर केली. "डॉक्टर काय म्हणाले?"

"कुठले डॉक्टर?"

"श्वेता म्हणाली आजारपणाचे पैसे काढलेत. कुठल्या डॉक्टरकडे गेला होतात?"

सीतारामला वाटलं आपण जिन्यात उभे आहोत आणि पायरी चुकली आहे. म्हणजे तिला ते कळलंच नव्हतं. तिला वेगळंच काहीतरी कळलं होतं. ती त्याच्याकडे बघत होती, अगदी शांत, जणू दोन दारं उघडी ठेवून बसली होती आणि कुठल्या दारातून तो येतो ते तिला बघायचं होतं. हे त्याला फार नंतर सुचलं. त्या क्षणी त्याला फक्त एवढंच दिसलं की एका दारामागे रुचिराच्या डोक्यावर ठेवलेला हात आहे, आणि दुसऱ्यामागे नुसतंच एक खोटं.

"जातो म्हणत होतो डॉक्टरकडे," तो म्हणाला. "पोटात जरा... इथे. वरच्या बाजूला." त्याचा हात आधी डावीकडे गेला, मग उजवीकडे.

जानकीने त्या हाताकडे बघितलं.

"बरं," ती म्हणाली. "उद्या रजा टाका."

*

मुलुंडच्या हॉस्पिटलात त्याचं रक्त काढलं, सोनोग्राफी केली, छातीचा फोटो काढला. जानकी प्रत्येक खोलीच्या बाहेर बाकावर पर्स मांडीवर घेऊन बसली. सीतारामला एकीकडे शरमेने मान वर करवत नव्हती, आणि दुसरीकडे त्या पट्टीवाल्या झग्यात उताणं पडल्यावर खरंच काहीतरी निघेल अशी भीती वाटत होती. निघालं तर बरं, असंही एकदा मनात येऊन गेलं. त्या विचाराने तोच दचकला.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरने रिपोर्ट चाळले.

"काका, ठणठणीत आहात. वयाच्या मानाने उत्तम."

"नक्की?" जानकीने विचारलं.

"तुम्हाला काय हवं होतं?" डॉक्टर हसून म्हणाला.

ती हसली नाही. तिने रिपोर्ट पिशवीत घातले, डॉक्टरला नमस्कार केला आणि बाहेर आल्यावर रिक्षावाल्याशी मीटरवरून वाद घातला. सीतारामला वाटलं, संपलं. आजारपण आलं तसं गेलं. आज रात्री मासे मिळतील.

रात्री पेजच होती.

"अगं, डॉक्टर म्हणाला ना..."

"डॉक्टरला काय कळतंय," जानकी म्हणाली.

त्याच आठवड्यात पीएफचे पैसे खात्यात आले. मोबाइल वाजला तेव्हा सीताराम कंपनीच्या कॅन्टीनमध्ये होता. मेसेज त्याने दोनदा वाचला आणि खिशात ठेवला. पतपेढी दुपारी उघडी असते. उद्या अर्धी रजा टाकायची, रक्कम भरून मोकळं व्हायचं, असं त्याने ठरवलं. संध्याकाळी तो घरात शिरून चपला काढतोय तोच जानकी म्हणाली, "आले ना पैसे?"

"कुठले?"

"पीएफचे. श्वेताने सांगितलं आजपर्यंत येतील म्हणून. माझ्या खात्यात टाका. उपचाराला लागतील."

"पण रिपोर्ट तर..."

"मग कशाला काढलेत?"

रुचिराने त्याचा मोबाइल घेतला, त्याने तिला ओटीपी सांगितला आणि पैसे गेले. सीताराम खुर्चीत बसून राहिला. ज्या पैशांसाठी तो आजारी पडला होता ते पैसे त्याच्या आजारपणानेच नेले होते. महिना संपत आला होता. कंपनीला पत्र जाणार, जानकीला कळणार, आणि वर हे खोटंही उघडं पडणार. पूर्वी त्याला एकच गोष्ट लपवायची होती. आता दोन होत्या, आणि त्या एकमेकींना धरून उभ्या होत्या.

*

रविवारी गावच्या मंडळाची सभा होती, भांडुपच्या एका शाळेच्या हॉलमध्ये. सीताराम कधी चुकवायचा नाही. या वेळी जानकी म्हणाली, "तुम्ही पडून राहा, मी जाऊन येते."

संध्याकाळी राजेश आला. तो मंडळाचा सेक्रेटरी, सीतारामच्या चुलत भावाचा मुलगा. आल्या आल्या तो सीतारामच्या पाया पडला, आणि तिथेच सीतारामला कळलं की काहीतरी फार मोठं झालं आहे.

"काका, तुम्ही आम्हाला सांगायचं ना. काकी आज सभेत बोलल्या तेव्हा आम्हाला कळलं. सगळा हॉल गप्प."

सीतारामने जानकीकडे बघितलं. ती चहा गाळत होती.

"काय बोलली?"

"एवढंच म्हणाल्या की ह्यांची तब्येत बरी नाही, पीएफ काढायला लागला. आजार काय ते नाही सांगितलं. आम्ही पण विचारलं नाही." राजेशने खिशातून पाकीट काढलं. "हे मंडळाकडून. सुरुवातीला. पुढे घराघरातून जमवू, तुम्ही काळजी करू नका."

वर्गणीचे पैसे होते ते. त्यात कुणा रिक्षावाल्याची, कुणा वॉचमनची दिवसाची कमाई होती. तोंड उघडून सगळं सांगून टाकावं असं त्याला वाटलं. तेवढ्यात जानकीने कप टिपॉयवर ठेवले आणि पाकीट उचलून राजेशच्या हातात परत दिलं.

"आत्ता नको. लागलं तर हक्काने मागेन."

"काकी, असं काय करता?"

"नको म्हटलं ना. कुणाकडूनच काही जमवायचं नाही. फक्त कळवलंत ना सगळ्यांना? जे आज आले नव्हते त्यांना पण?"

"ग्रुपवर टाकलंय."

"ग्रुपवर कोण वाचतंय. फोन करा. डोंबिवलीला, विरारला. बोरिवलीला." तिने बिस्किटांची बशी पुढे केली. "माणूस आजारी आहे म्हटल्यावर गावच्यांना कळायला नको?"

राजेश गेला. सीतारामला काही उमजेना. ज्या बाईने डॉक्टरच्या तोंडून ठणठणीत हा शब्द ऐकला, ती भरल्या सभेत नवरा आजारी म्हणून सांगते. सांगते, आणि पैसे आले तर परत करते. तिला नक्की हवंय काय? की तिला खरंच वाटतंय की आपल्याला काही असाध्य झालंय आणि डॉक्टर लपवतोय? रात्रीचं जेवण होईपर्यंत तो तिच्याकडे बघत राहिला. ती नेहमीसारखी भांडी घासत होती, नळाची गळती थांबवायला चिंधी गुंडाळत होती.

"जानकी."

"काय?"

"मला काही झालेलं नाही गं."

"असं सगळेच म्हणतात," ती म्हणाली.

*

जानकीने त्याला कंपनीत महिनाअखेरपर्यंत रजा टाकायला लावली. आता लोक येऊ लागले. शहाळी, सफरचंदं, कुणी गावच्या देवाचा अंगारा. आजारी माणसाला बघायला जाणं त्यांच्यात टाळता येत नाही. लग्नाला नाही गेलं तर चालतं, बारशाला नाही गेलं तर कुणी लक्षात ठेवत नाही. पण अमका पडलाय हे कळून तुम्ही गेला नाहीत, तर ती गोष्ट तुमच्या मागे गावच्या वेशीपर्यंत येते. सीताराम उशीला टेकून बसायचा आणि येणाऱ्याला "बरं आहे, बरं आहे" म्हणायचा. जितक्या वेळा तो बरं आहे म्हणायचा, तितक्या माना दुःखाने हलायच्या. काही दिवसांनी त्याला खरंच थकवा जाणवू लागला. नुसत्या पेजेवर राहिल्याने पट्टा एक भोक आत घ्यावा लागला होता, आणि त्याने येणाऱ्यांची खात्रीच पटायची.

महिना संपायला थोडेच दिवस उरले असताना, दुपारी, दादू आला.

दारात उभा राहिला तेव्हा सीतारामने त्याला चटकन ओळखलं नाही. दाढी वाढलेली, शर्टाची वरची बटणं उघडी. त्याने आत पाऊल टाकलं नाही. उंबऱ्याबाहेरूनच तो कॉटवर बसलेल्या सीतारामकडे बघत राहिला.

"काय रे ह्यां करून घेतलंस," तो म्हणाला, आणि त्याचा आवाज फुटला.

"ये. आत ये, दादू."

"राजेशान फोन केल्यान. त्या दिवसापासून जेवण गोड लागणा नाय." तो येऊन कॉटच्या कडेला बसला. "तुझे फोन इले, मी उचलूक नाय. काय सांगू तुका? तोंडच नव्हता माका."

"जाऊ दे ता."

"जाऊ दे काय? तू माझ्यासाठी सही केलंस, आणि आज तुझ्यार ही पाळी. पीएफ काढूची." त्याने पँटच्या आतल्या खिशातून वर्तमानपत्रात गुंडाळलेलं पुडकं काढलं, इकडेतिकडे बघितलं आणि ते सीतारामच्या उशीखाली सरकवलं. "टेंपो इकलंय."

सीताराम ताठ बसला. "कित्याक इकलस?"

"मग काय करू? घेणाऱ्यान अर्धे दिल्यान. उरलेले पुढच्या म्हयन्यात. ते पण हाडून देतंय. तू आधी बरो हो, सीताराम. बाकी माका काय नको."

"आणि तू काय करतलस?"

"दुसऱ्याच्या गाडयेर जातंय. ड्रायव्हर म्हणान. काय कमी हा माका?" दादू हसायचा प्रयत्न करत म्हणाला.

सीतारामने त्याचा हात धरला. हात धरून ठेवला आणि त्याच्या मनात वाक्य तयार झालं: दादू, माका काय झालेला नाय. ते अगदी ओठांवर होतं. पण तेवढ्यात जानकी बाहेर आली, पदराला हात पुसत.

"दादू भावोजी, हात धुवा. जेवल्याशिवाय जायचं नाही."

तिने दादूला पाट घातला. त्या दिवशी सुरमई होती. मधल्या काट्याचे जाड तुकडे तिने त्याच्या ताटात वाढले, वर सार, बाजूला सोलकढी. सीतारामला कॉटवर पेज दिली. दादू आधी संकोचाने आणि मग भुकेने जेवला.

"वयनी, सार झकास झालाहा," तो म्हणाला आणि लगेच ओशाळून सीतारामच्या वाटीकडे बघितलं. "हेका पण वायच देवा गो."

"त्यांना चालत नाही," जानकी म्हणाली.

निघताना दादूने सीतारामच्या कपाळावर तळवा टेकला, ताप बघतात तसा. मग जिना उतरून गेला. जानकी खिडकीशी जाऊन उभी राहिली. सीतारामही उठून तिच्या मागे आला. खाली दादू स्टेशनच्या दिशेने चालला होता, उन्हात, रस्त्याच्या कडेकडेने. एक टेंपो हॉर्न वाजवत जवळून गेला तेव्हा त्याने मान वळवून त्याच्याकडे बघितलं.

"चालत चाललाय," जानकी म्हणाली.

मग ती आत आली. तिने उशी उचलली, पुडकं काढलं आणि न उघडताच कापडी पिशवीत टाकलं.

"कपडे बदला. पतपेढी पाचला बंद होते. आज थोडे भरले तरी पत्र थांबतं, मी विचारून आलेय."

सीताराम तिथेच उभा राहिला. पतपेढी हा शब्द या घरात आजवर कुणी उच्चारला नव्हता.

"तुला..."

"श्वेताने दोन्ही सांगितलं होतं. आजारपणाचंही आणि जामिनकीचंही. ह्यातलं खरं कुठलं तेच मला कळेना." ती पिशवीच्या बंदाला गाठ मारत होती. "म्हणून विचारलं मी तुम्हाला त्या दिवशी. तुम्ही पोटावर हात ठेवलात."

सीतारामचा हात पोटाकडे गेला, त्याने तो खाली घेतला.

"मग डॉक्टरकडे नेलं. रिपोर्ट आल्यावर कळलं कुठलं खरं ते. तुमच्या मोबाइलात पतपेढीचे मेसेज होते, दादू भावोजींच्या नावासकट. तुमचे पीएफचे पैसे मी बँकेत मुदतीला ठेवलेत, त्यांना हात लावायचा नाही."

तो वाट बघत राहिला. आता ती रुचिराचं नाव काढेल, तो हात, ती शपथ, त्या पाटल्या. काढावं असंच त्याला वाटत होतं. तिने काढलं नाही. ती आरशासमोर केस नीट करत होती.

"दादूला सांगायला हवं," तो शेवटी म्हणाला. "त्याने टेंपो विकला."

"काय सांगणार?"

"की मला... की मी..."

आरशातून ती त्याच्याकडे बघत होती. कर्ज दादूचंच होतं. पैसेही दादूचेच होते, ते जिथे जायचे तिथेच चालले होते. खोटं तेवढं त्याचं स्वतःचं होतं. पण ते आता त्याच्या एकट्याच्या हातात राहिलं नव्हतं. कोण कुणाला फसवत होतं याचा त्याने एकदा इकडून आणि एकदा तिकडून हिशोब लावून बघितला. दोन्ही वेळा उत्तर वेगळं आलं.

"उरलेले पुढच्या महिन्यात आणणार आहे ना?" जानकी म्हणाली.

"हो."

"मग तोवर बरं व्हायचं नाही."

ती दाराशी जाऊन चपला घालू लागली. समोरच्या घराचं दार उघडं होतं, तिथल्या म्हाताऱ्या बाई बाहेर डोकावल्या आणि त्यांनी हलक्या आवाजात विचारलं, "कुठे, डॉक्टरकडे का?"

"हो," जानकी म्हणाली. "जरा दाखवून येतो."

तिने मागे वळून हात पुढे केला. सीताराम उंबऱ्यात थांबला. मग त्याने तिचा दंड धरला, आणि दोघं एक एक पायरी सावकाश उतरू लागले.